निवडणूक संपली, मशीन उरलं

मी एक मशीन बोलतेय. निवडणूक आणि मशीन हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना बटण दाबायची ती पेटी आठवते. ती मी नव्हे. तिच्याबद्दल लोक जे काही बोलतात त्यात मला पडायचंही नाही. मी कपडे धुण्याचं मशीन. पुढे गोल काचेचं दार, वर पावडर टाकायचा खण, मागे पाण्याचा पाइप आणि आत भलंमोठं पोट.

सगळे मला 'ते मशीन' म्हणतात. पण जिनं मला खरं कामाला लावलं ती बाई मला 'अगं' म्हणायची. तेव्हापासून मी स्वतःला 'ती' समजते, तुम्ही काय हवं ते म्हणा.

स्वभावानं मी चौकस. दुसरं काय असणार? पोटात जे येईल ते उलटंपालटं करून बघायचं, हाच माझा धंदा. कोणाच्या खिशात काय विसरलंय, कोणाची कॉलर जास्त मळते, कोण बाहीला नाक पुसतं, सगळं मला कळतं. कळतं, पण मी ते पोटातच ठेवते. आजवर एक गोष्ट सोडून.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. रिकाम्या पोटी गरागरा फिरवून बघितलं, पास म्हणून शिक्का मारला आणि थर्माकोलमध्ये आवळून टाकलं. खरं जग दिसलं ते दुकानाच्या काचेतून. तिथे लोक यायचे, माझं दार उघडायचे, आत डोकं घालायचे आणि किंमत ऐकून डोकं बाहेर काढायचे.

एक दिवस तिघं आली. पुढे चष्म्याच्या दुकानाची मालकीण, सगळे तिला ताई म्हणायचे. ती नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होती. मागे तिचा नवरा, शाळेत भूमिती शिकवणारे सर. आणि त्यांच्यामागे एक ताठ म्हातारे गृहस्थ. बँकेतून निवृत्त झालेले, ताईच्या प्रचाराचा हिशेब बघणारे. कार्यकर्त्यांनी त्यांचं नाव फूटपट्टीकाका ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीतही होतं.

दुकानदारानं नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?"

"साठेक असतील," ताई म्हणाली.

दुकानदार हातातलं फडकं विसरून बघत राहिला. मग सरांनी खुलासा केला. ताईनं प्रचारासाठी मोजकेच टी-शर्ट शिवून घेतले होते, मोरपंखी रंगाचे. एकदा घालून फेकायचे ढीगभर टी-शर्ट तिला नको होते. चांगले घ्या, रोज धुवा, पुन्हा घाला, असा तिचा हिशेब. त्यासाठी मी हवी होते.

"बिल कोणाच्या नावानं?"

"प्रचार निधीच्या," काका म्हणाले. "यांच्या नावानं नको, यांच्या मिस्टरांच्याही नको."

"निधी म्हणजे कोण? त्यांचा फोन नंबर द्या."

सर खो खो हसले. काका हसले नाहीत. मला मात्र तिथेच पहिला प्रश्न पडला, की मग मी नक्की कोणाची?

प्रचाराचं कार्यालय एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात होतं. कोपऱ्यात मोरी होती, तिथे मला बसवलं. देणगी द्यायला लोक तिथेच यायचे आणि माझ्या डोक्यावर पावती पुस्तक ठेवून काका पावती फाडायचे. टपालवाला यायचा, शिवणवर्गाच्या बाई यायच्या, एक दंतवैद्य यायचा आणि आल्या आल्या सगळ्यांच्या दातांकडे बघायचा. मी मनात वाटणी करायला लागले. माझा पाइप टपालवाल्याचा. बटणं शिवणवर्गाच्या बाईंची. दार बहुधा दंतवैद्याचं, कारण ते जबड्यासारखं उघडतं. ताईचा त्यात एक स्क्रूसुद्धा नव्हता, आणि तरी सगळे मला 'ताईंचं मशीन' म्हणायचे. काय गंमत आहे बघा.

काम मात्र जोरात होतं. संध्याकाळ झाली की घामेजलेले टी-शर्ट येऊन पडायचे. खिशात बसची तिकिटं, अर्धं बिस्किट, कोणाला तरी लिहून न दिलेली चिठ्ठी. एका कार्यकर्त्याच्या खिशात तर विरुद्ध पार्टीचं पत्रक निघालं, नीट घडी घातलेलं. मी त्याचा लगदा करून टाकला. बोलले नाही.

एकदा काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडला. कोणीतरी मदत म्हणून तो सदरा टी-शर्टांबरोबर माझ्या पोटात सरकवला. बाहेर आला तो मोरपंखी होऊन. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "बरोबर झालं. प्रचाराच्या मशीनमध्ये खासगी कपडा गेलाच कसा? मला शिक्षा झाली." आणि तोच सदरा घालून घरी गेले.

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निवडणूक झाली आणि ताई पडली. थोडक्यात पडली, म्हणून जास्त लागलं. त्या संध्याकाळी टी-शर्ट आले ते मळलेले नव्हते, नुसते चुरगळलेले होते. ताई एका पालथ्या बादलीवर बसून माझ्या काचेतून ते फिरताना बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार." मला ती तेव्हाच आवडली.

त्यानंतर सुरू झाला उरलेल्याचा घोळ. थोडे पैसे उरले होते, कारण काही देणग्या उशिरा आल्या होत्या. आणि वस्तू उरल्या होत्या. मी, दोन पंखे, एक मोठी किटली, टी-शर्ट. काकांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि सगळ्यांना समोर बसवलं.

नियम ऐकायला सोपा होता. लोकांनी प्रचारासाठी दिलेलं प्रचारासाठीच. उरलं तर देणाऱ्याला परत करा, नाहीतर लोकांच्या उपयोगाच्या संस्थेला द्या, नाहीतर पुढच्या निवडणुकीसाठी तसंच जपून ठेवा. पण उमेदवारानं ते स्वतःसाठी वापरायचं नाही. घरासाठी नाही, दुकानासाठी नाही, नातेवाइकांसाठी नाही. वस्तूंनाही हेच लागू.

"उरलेली बिस्किटं?" सरांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"फोडलेला पुडा चालेल. बंद पुडा नाही."

"मग काका, तो पुडा जरा फोडा ना."

पैसे परत करायला काका दारोदार फिरले. दंतवैद्य घेईना. म्हणाला, "राहू द्या हो, ताईंना त्याचा एखादा चष्मा होईल." काका म्हणाले, "तेवढंच तर होता कामा नये." आणि पैसे त्याच्या टेबलावर ठेवून पावती घेऊनच उठले. पंखे आणि किटली वाचनालयाला गेली. मला मात्र पुढच्या निवडणुकीसाठी ठेवायचं ठरलं. पण ठेवायचं कुठे? झेरॉक्सचं दुकान रिकामं करून द्यायचं होतं.

"माझ्या घरी ठेवते," ताई म्हणाली. "तात्पुरतं. झाकून ठेवीन."

"घरी नको," काका म्हणाले. "वस्तू घरात शिरली की घराची होते."

"काका, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. वस्तूवर नाही."

मला इतका राग आला म्हणून सांगू! मी काय करणार होते? चालत जाऊन कोणाचे कपडे ओढून आणणार होते? पण शेवटी दुसरी जागा मिळेना, आणि मी ताईच्या घरी गेले.

घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या बाल्कनीत नळ होता, त्याच्याशेजारी मला ठेवलं. मला उचलून आणणाऱ्यांत एक प्लंबर होता. ताई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यानं माझा पाइप नळाला जोडला आणि वायर खोचली. सवयच ती. मशीन ठेवायचं म्हणजे जोडायचं, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही आलं नाही. ताईनं मला टेबलावरचं जुनं मेणकापड पांघरलं, वर धुतलेल्या टी-शर्टांचा गठ्ठा ठेवला आणि घरच्यांना बजावलं, "याला कोणी हात लावायचा नाही. ही आपली वस्तू नाही."

मागे माझी जोडणी झालीय हे तिनं बघितलंच नाही. तिच्या घरचे कपडे कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत जायचे. सर मोजून द्यायचे, मोजून आणायचे.

दिवस कंटाळवाणे गेले. मेणकापडाच्या एका फटीतून मला बाल्कनीची दोरी दिसायची आणि स्वयंपाकघराचा थोडा भाग. घरात तीनच माणसं. ताई, सर आणि सरांची आई. या बाई मोठ्या इस्पितळात मेट्रन, म्हणजे नर्सांच्या प्रमुख, होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण चालणं तसंच. काठी टेकत चालायच्या, तरी वाटायचं की मागून सगळा वॉर्ड उभा राहतोय. चादरीला सुरकुती दिसली की त्यांच्या कपाळाला पडायची. सून त्यांना भीत नव्हती, पण त्यांच्या खोलीत जाताना पदर, ओढणी, केस, काहीतरी एक सारखं करूनच जायची.

एके सकाळी ताई दुकानात गेली, सर शाळेत गेले, आणि काठीचा आवाज बाल्कनीकडे आला. मेणकापड उचललं गेलं. मेट्रनबाई समोर उभ्या. हातात चादरीचा बोळा, छातीशी घट्ट धरलेला. त्यांनी बाल्कनीतून खाली बघितलं, शेजारच्या खिडक्यांकडे बघितलं. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या, चष्मा लावून माझी बटणं वाचली, सगळी, एक न सोडता. आणि म्हणाल्या, "चल गं. लाग कामाला."

चादर आत आली आणि मला कळलं.

तुम्हालाही कळलं असेल. वय झालं की शरीर कधीकधी विचारत नाही. रात्री झोपेत होऊन जातं. त्यात त्या बाईंचा काय दोष? पण त्यांना तो आपला दोष वाटत होता. लॉन्ड्रीत चादर गेली तर मुलाच्या हातून जाणार, तो मोजणार, बघणार. ते त्यांना नको होतं. हातानं धुवायची तर ओल्या चादरीचं ओझं त्यांच्या मनगटाला झेपत नव्हतं. उरले मी.

त्या दिवसापासून आमचं जमलं. रोज नाही, पण वरचेवर. घर रिकामं झालं की त्या यायच्या. चादर फिरत असताना स्टुलावर बसून माझ्याशी बोलायच्या. कोणत्या डॉक्टरचं अक्षर कसं होतं, कोणती नर्स औषधाच्या ट्रॉलीआड बसून रडायची. मला ऐकायची हौस, त्यांना बोलायची. मग चादर दोरीवर, उन्हात. ताई यायच्या आत ती सुकून, घडी होऊन पुन्हा पलंगावर. मेणकापड जागेवर, टी-शर्टांचा गठ्ठा जागेवर. इस्पितळातली शिस्त ती, कोणाला काय सुगावा लागणार?

खरं सांगते, मला आनंद व्हायचा. नियम मला पाठ होता. काकांनी माझ्यादेखतच वाचला होता. पण टपालवाल्याला विचारलं असतं, की बाबा तुझ्या पाइपातून या म्हातारीच्या चादरीला पाणी जाऊ दे का, तर तो नाही म्हणाला असता का? हा प्रश्न मी फिरता फिरता खूपदा घोळवला. उत्तर यायचं, नाही म्हणाला नसता. पण लगेच दुसरं यायचं. त्याला विचारलं कुठे होतं?

वर्ष सरलं. काका एक कागद घेऊन आले. उरलेल्या वस्तू जपून ठेवल्या असतील तर उमेदवारानं दरवर्षी तसं लिहून द्यायचं असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "सदर वस्तूचा माझ्या घरातील कोणत्याही व्यक्तीने खासगी कामासाठी वापर केलेला नाही."

"एकदाही नाही," ताई म्हणाली. "काका, झाकण तरी काढलंय का कोणी, विचारा." आणि तिनं झोकात सही केली. "बघा, तुम्ही म्हणत होता वस्तू घरात नको. राहिली की नाही?"

काका म्हणाले, "चुकलो मी. कबूल." असं ते आयुष्यात फारदा म्हणाले नसतील.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत काठी एकदा आपटली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई आल्या, पण माझ्याकडे नाही. त्यांनी बादली घेतली. चादर बुडवली, साबण लावला, पिळायचा प्रयत्न केला. चादर निसटून फरशीवर पडली, पाणी सगळीकडे. त्या बराच वेळ भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता मेणकापड उचललं आणि चादर आत कोंबली. त्या दिवशी स्टुलावर बसल्या नाहीत, आत निघून गेल्या. मला माझ्याच आवाजाचा राग आला.

मला आत बसून काय वाटत होतं ते सांगू? ताईला पुन्हा उभं राहायचं होतं. तिच्याकडे पैसा नव्हता, माणसं नव्हती. होतं ते एवढंच, की ताई बोलते ते खरं असतं असं लोक म्हणायचे. आणि तिच्या सहीखाली आता एक खोटं वाक्य होतं, जे तिला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते मेट्रनबाईंना आणि मला. त्या बोलल्या तर त्यांची अब्रू जाणार, गप्प राहिल्या तर सुनेची. मला तोंड आहे खरं, पण त्याला काच आहे.

मग एका शनिवारी दुपारी निवडणूक खर्चाच्या कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. असं अधूनमधून काही उमेदवारांकडे जाऊन बघतात म्हणे. तरुण होत्या, जिना चढून दमल्या होत्या, पाणी मागितलं. ताई उत्साहात होती. सरही घरी होते. सगळे बाल्कनीत आले.

"हे बघा, जसं आणलं तसं," म्हणत ताईनं गठ्ठा उचलला, मेणकापड दूर केलं.

तपासनीस बाईंनी आधी मागे वाकून बघितलं. "पाइप जोडलेला आहे."

"जोडलेला?" ताई म्हणाली. "अरेच्चा! त्या प्लंबरनं जोडला असेल."

बाईंनी दार उघडलं. दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. मग आत हात घातला, वरच्या बाजूला चाचपलं आणि एक उशीचा अभ्रा बाहेर काढला. दमट होता. फिरता फिरता वर चिकटून बसला होता, आणि सकाळी घाईत मेट्रनबाईंच्या लक्षात आला नव्हता.

खाली रस्त्यावर भाजीवाला कोणाशी तरी घासाघीस करत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"मी टाकला होता," सर एकदम म्हणाले.

"तू?" ताईचा आवाज चढला. "तू टाकलास? मी सही केलीय रे! तुझ्यासमोर केलीय!"

सरांनी तिच्याकडे असं बघितलं की मला सगळा घोटाळा कळला. त्यांना वाटत होतं ताईनंच धुतलाय, आणि तिला वाचवायला ते पुढे झाले होते. ताईला वाटलं त्यांनी खरंच धुतलाय. दोघं तिथेच भांडायला लागली. तपासनीस बाई हातात अभ्रा धरून मधे उभ्या.

"एक शब्द विचारायला काय झालं होतं तुला?" ताई म्हणत होती. "लॉन्ड्रीचा एवढा कंटाळा?"

"अगं, हळू बोल, ऐक तरी..."

"भांडू नका."

दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. काठी हातात, पण टेकलेली नव्हती.

"अभ्रा माझा आहे. मी धुते यात. बरेच महिने झाले." त्या तपासनीस बाईंकडे बघून बोलत होत्या, रोग्याची हकिकत डॉक्टरला सांगावी तशा. "अंथरूण ओलं होतं माझं. यांना दोघांना माहीत नाही. हिनं सही केली ती खरं समजून केली. माझ्या मुलाला तर खोटंही धड बोलता येत नाही. जे लिहायचं ते माझ्या नावानं लिहा."

त्या वळून आत जायला लागल्या तर ताईनं वाट अडवली. मला वाटलं आता ही रागावणार. तिनं सासूचा हात धरला आणि म्हणाली, "आई, एकट्या पिळत होतात तुम्ही?"

"ही पिळते," मेट्रनबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, आणि रडल्या.

मी पाहिलेलं ते त्यांचं पहिलं रडणं. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तपासनीस बाईंनी अभ्रा दोरीवर वाळत घातला. नीट, चिमटा लावून. मग म्हणाल्या, "मॅडम, दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. वापराचं रास्त भाडं सरकारी खजिन्यात भरायचं. आणि मशीन घरात ठेवता येणार नाही, एखाद्या संस्थेला द्या. अर्ज कार्यालयाच्या फलकावर लागतो, कोणीही वाचू शकतं." थोडं थांबून म्हणाल्या, "वापर कशासाठी झाला ते लिहायला लागतं. किती खुलासा करायचा ते तुमच्यावर."

ताईनं लिहिलं, 'माझ्या घरच्या चादरी धुण्यासाठी वापर झाला. जबाबदारी माझी आहे.' बस. तपासनीस बाईंनी वाचलं, मान हलवली आणि गेल्या.

संध्याकाळी काका आले. सगळं ऐकलं. मला वाटलं आता 'मी म्हटलं नव्हतं?' येणार. ते नुसतं म्हणाले, "भाड्याचा दर मी लॉन्ड्रीत विचारून येतो." जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "वहिनींना सांगा," ते मेट्रनबाईंना वहिनी म्हणायचे, "की माझ्याकडे रबरी चादर आहे. मी वापरतो." आणि मागे न बघता जिना उतरले. फूटपट्टीसुद्धा कुठेतरी वाकते हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज फलकावर लागला. शहरातल्या छोट्या वर्तमानपत्रानं तो उचलला. बातमी चौकटीत आली, 'लोकांच्या देणगीत ताईंची धुणी'. झालं. चष्म्याच्या दुकानात लोक चष्मा करायचा नसतानाही यायला लागले. कोणी म्हणायचं, "ताई, आमचं पण गाठोडं आणू का?" कोणी नुसतंच हसायचं. शिवणवर्गाच्या बाई रागावून गेल्या. ताईनं कोणालाही कारण सांगितलं नाही. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. घरी येऊन ती बाल्कनीत उभी राहायची, आणि सर विचारायचे, "किती जण आले आज?" ती म्हणायची, "मोजलं नाही. जाऊ दे." हे सगळं दार लावून, हळू आवाजात.

पण मेट्रनबाईंचे कान! वॉर्डाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचं कण्हणं ऐकलेले कान ते. त्यांना सगळं ऐकू गेलं.

एका सकाळी त्यांनी चांगलं पातळ नेसलं, केस बांधले आणि सरांना म्हणाल्या, "मला दुकानात सोड." सर विचारायला लागले तर म्हणाल्या, "वर्ग आहे ना तुझा? मग चल लवकर."

पुढचं मी पाहिलं नाही. संध्याकाळी ताईनं सरांना सांगितलं ते ऐकलं. ती सांगताना मधेच हसत होती आणि मधेच नाक ओढत होती. मेट्रनबाई जाऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसल्या. पहिला टवाळ आला, गाठोड्याचा विनोद केला. त्या म्हणाल्या, "बसा. त्या चादरी माझ्या होत्या. रात्री अंथरूण ओलं होतं माझं. सून मला झाकत्येय म्हणून गप्प आहे. आता पुढचा विनोद करा." मग त्याला म्हणाल्या, "तुमच्या घरी कोणाला होतं का असं? आई, वडील? यावर औषध असतं, व्यायाम असतो. इस्पितळात जन्म काढून मी मूर्खासारखी लपवत बसले. तुम्ही नका बसू." तो माणूस खाली बघत म्हणाला, "वडिलांना होतं. आम्ही ओरडतो त्यांच्यावर."

दिवसभर त्या तिथे बसल्या. जो हसायला आला त्याला हेच सांगितलं. दुपारी शिवणवर्गाच्या बाई आल्या. त्या मेट्रनबाईंच्या शेजारी बसून राहिल्या आणि उठताना म्हणाल्या, "यावर औषध देणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता मला पण द्या." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "चूक ती चूकच हं. पण फेडलीस."

मला न्यायला माणसं यायची होती त्या सकाळची गोष्ट. भाडं भरून जुना हिशेब मिटला होता, नवा नको म्हणून माझ्या अंगाला आता कोणी हात लावत नव्हतं. औषध सुरू झालं होतं, पण अजून एखाद्या दिवशी व्हायचंच. ताई चादर घेऊन बाल्कनीत आली, बादली भरली. मागून मेट्रनबाई येऊन स्टुलावर बसल्या.

"अगं, केवढा तो साबण! दुकान धुत्येस का?"

"आई, तुम्ही सांगू नका, पिळू लागा."

ताईनं एक टोक धरलं, मेट्रनबाईंनी बसल्या जागी दुसरं. एकीनं जिकडे पीळ दिला, दुसरीनंही तिकडेच दिला, चादर पिळलीच जाईना. "उलटा, उलटा दे!" म्हणत दोघी इतक्या हसल्या की सर दाढीचा फेस तसाच ठेवून बघायला आले. पाणी माझ्या काचेवर उडालं. मी कोरडी, रिकामी, बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावाचून काम चाललं होतं, आणि ते मला आवडलं.

मग माणसं आली. जिन्यात मला तिरकं धरलं तेव्हा मेट्रनबाई काठी टेकत पुढे आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नीट राहा गं. आणि माझं काही लपवू नकोस, विचारलं तर सांग." म्हणून तुम्हाला सांगते आहे. नाहीतर मी पोटातलं बाहेर काढणारी नव्हे.

आता मी एका वृद्धाश्रमात आहे. दिवसभर चादरीच चादरी. टपालवाला निवृत्त झाला, तो इथे आपल्या मोठ्या भावाला भेटायला येतो आणि जाताना माझ्या पाइपकडे बघतो. तो पाइप त्याचाच, हे त्याला कोणी सांगितलं असेल का, मला माहीत नाही. पण मी कोणाची, हा प्रश्न मला आता पडत नाही. त्यानं दिलेलं आता ज्यांचं काम अडलंय त्यांच्यासाठी लागतंय, आणि ते काम मी उघड्यावर, खोलीचं दार सताड उघडं असताना करते आहे. ताईच्या घरी मी काम हेच करत होते, पण लपून. तेवढाच फरक होता, आणि तो मोठा होता.

माझं रबर झिजलंय. फिरताना घरघर करते. किती दिवस चालेन सांगता येत नाही. जाण्याआधी एवढंच मागते. तुमच्या घरात कोणी तुम्ही बाहेर पडायची वाट बघत असेल, दोरीवर अवेळी चादर दिसत असेल, तर चौकशी करू नका. चौकशी माझ्यासारख्यांनी करावी. तुम्ही नुसतं जाऊन दुसरं टोक धरा.